मुक्काम वुल्फ ट्रॅप, पोस्ट व्हिएन्ना

अमेरिकेत घर घेतलं त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता आणि पुढच्या अंगणात ओकच्या पानांचा एवढा खच पडला होता की आमच्या दारापर्यंतची पायवाट दिसेना. मागच्या गल्लीतल्या बाई म्हणाल्या की व्हिएन्ना टाउनची म्हणजे नगरपालिकेची गाडी येते, हत्तीच्या सोंडेसारखा पाइप असतो तिला, रस्त्याच्या कडेला लावलेले पानांचे ढीग ती शोषून नेते. झालं, आम्ही दोघांनी अख्खा शनिवार-रविवार घालवला, कंबर मोडेस्तोवर पानं ओढली आणि कडेला असा सुंदर लांबच लांब ढीग लावला की नवऱ्याने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

मंगळवारी गाडी आली. मागच्या गल्लीत फिरली, आमच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच रिव्हर्स घेऊन गेली. मला वाटलं पाइप भरला असेल, उद्या येतील. उद्या नाही, परवा नाही, मग पाऊस आला आणि त्या ढिगाचा चिखल झाला. शेवटी मी टाउनला फोन केला. फोनवरच्या बाई फार गोड होत्या, त्यांनी पत्ता विचारला, दोन मिनिटं टाइप करत बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही टाउनमध्ये राहत नाही. मी म्हटलं, अहो पण माझा पत्ता व्हिएन्ना आहे. त्या म्हणाल्या, हो, पत्ता व्हिएन्नाच आहे.

एवढ्या शांतपणे म्हणाल्या की मला पुढे काय बोलायचं तेच सुचेना. त्यांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी बरोबर होत्या, पत्ता व्हिएन्ना आणि राहता व्हिएन्नाच्या बाहेर, आणि त्यांना हा फोन बहुतेक दर हिवाळ्यात पन्नास वेळा येत असणार.

संध्याकाळी व्हॉट्सअॅप कॉलवर घरी सांगितलं तर सगळे हसले. आई म्हणाली, घर घेताना एवढे कागद सह्या केलेत आणि गाव कुठलं ते पाहिलं नाहीत? फक्त अप्पा हसले नाहीत. अप्पा म्हणजे माझे मोठे काका, सातारा जिल्ह्यात आमच्या गावाशेजारच्या गावात ब्रँच पोस्टमास्तर होते, आयुष्यभर. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग तुमचं पोस्ट कुठलं?" मला वाटलं अप्पांना सवय आहे, विचारतायत आपलं. तो किती नेमका प्रश्न होता हे कळायला मला पुढची दोनतीन वर्षं लागली.

तर झालंय असं. आम्ही राहतो व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स काउंटीमध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या पश्चिमेला. या काउंटीत २०२० च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा लाख लोक आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे कुठल्याच नगरपालिकेत राहत नाहीत. याला इथे अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात. म्हणजे तुमच्या वस्तीला नगराध्यक्ष नाही, नगरसेवक नाहीत, आपल्याकडची ग्रामपंचायत असते तसंसुद्धा काही नाही, थेट जिल्ह्याचा कारभार. पोलिस काउंटीचे, शाळा काउंटीच्या, टॅक्स काउंटीला. काउंटीच्या पोटात फक्त तीन टाउन आहेत, हर्नडन, व्हिएन्ना आणि क्लिफ्टन. व्हिएन्ना टाउन म्हणजे जेमतेम साडेसोळा हजार लोक. पण "व्हिएन्ना, व्हर्जिनिया" असा पत्ता लावणारे लोक त्याच्या कितीतरी पट आहेत, कारण ते नाव टाउनचं म्हणून लिहायचं नसतंच, ते पोस्टाचं आहे.

आणि मग मी राहते कुठे? जनगणनावाल्यांनी आपल्या सोयीसाठी नगरपालिका नसलेल्या वस्त्यांना पण नावं आणि हद्दी दिलेल्या आहेत. त्यांच्या नकाशात माझं घर वुल्फ ट्रॅपमध्ये पडतं. लांडग्यांचा सापळा! इंग्रजांच्या काळात इथे लांडगे मारण्यासाठी बक्षीस द्यायचे, त्यावरून ओढ्याला नाव पडलं, ओढ्यावरून वस्तीला. मला हे नाव भयंकर आवडलं. आपल्याकडे कसं वाघोली, लांडेवाडी, कोल्हेवाडी असतं तसंच की हे. वुल्फ ट्रॅप नावाचं एक नॅशनल पार्क पण आहे इथे, गाण्या-नाटकासाठी असलेलं, १९६६ साली कॅथरीन फिलीन शाउस नावाच्या बाईंनी जमीन दिली त्यावर उभं राहिलेलं. उन्हाळ्यात उघड्या हिरवळीवर चटई टाकून मैफल ऐकायची, एकदम झकास. आणि गंमत बघा, त्या पार्कचा स्वतःचा टपालाचा पत्ता काय? व्हिएन्ना. खुद्द वुल्फ ट्रॅपच वुल्फ ट्रॅप लिहीत नाही तिथे माझी काय कथा.

बरं हे व्हिएन्ना तरी मूळचं कुठलं? ऑस्ट्रियातलं नाही. गावाचं जुनं नाव एअर हिल. १८५० च्या दशकात इथे एक डॉक्टर स्थायिक झाला, तो न्यूयॉर्क राज्यातल्या व्हिएन्ना नावाच्या गावचा, त्याच्या इच्छेवरून याचं नाव व्हिएन्ना झालं. आणि त्या न्यूयॉर्कमधल्या व्हिएन्नाने पुढे स्वतःचं नाव बदलून फेल्प्स केलं. म्हणजे ज्याच्यावरून नाव घेतलं त्याने ते केव्हाच टाकून दिलं आणि आम्ही, जे गावातसुद्धा नाही, ते अजून लिहितोय. मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं शेवटचं स्टेशन पण व्हिएन्ना, १९८६ पासून आहे, ते पण टाउनच्या हद्दीबाहेर.

हे नुसतं आमच्याकडे नाही. फॉल्स चर्च नावाचं छोटंसं शहर आहे, त्याची स्वतःची वेगळी शाळाव्यवस्था आहे, लोक त्या शाळांसाठी जीव टाकतात. पण फॉल्स चर्च असा पत्ता असलेली पुष्कळ घरं शहराबाहेर, फेअरफॅक्स काउंटीत आहेत. ओळखीतल्या एका कुटुंबाने पत्ता बघून घर जवळजवळ फायनल केलं होतं, पोराला त्या शाळेत घालायचं म्हणून, सुदैवाने कुणीतरी वेळेत विचारलं की अहो टॅक्स कुणाला जातो ते बघा आधी. आणि साउथ रायडिंगला राहणारी मैत्रीण, तिची काउंटी लाउडन आणि पत्त्यात शँटिली, जी शेजारच्या फेअरफॅक्समध्ये आहे. ती म्हणते मी जिल्हा ओलांडून पत्र घेते.

मला आधी वाटायचं हा सगळा कुणाचा तरी निष्काळजीपणा असणार. तसं नाहीये. याच्या मागे इतिहास आहे आणि तो अप्पांना सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

एकोणिसाव्या शतकात इथेही खेडोपाडी पोस्ट असायचं ते एखाद्या किराणा दुकानात. दुकानदारच पोस्टमास्तर. लोक वॉशिंग्टनला अर्ज करायचे, आमच्या वस्तीला पोस्ट द्या, त्या अर्जात नाव सुचवायचं. पोस्ट खात्याला नाव छोटं, सुटसुटीत पाहिजे आणि त्याच राज्यात त्या नावाचं दुसरं पोस्ट नको. नसेल आवडलं तर परत, दुसरं नाव सुचवा. कित्येक गावांची नावं आज जी आहेत ती अशीच, मूळ नाव नाकारलं गेलं म्हणून पडलेली. म्हणजे पोस्ट मिळालं की नाव मिळालं. १९०१ साली अमेरिकेत ७६ हजार ९४५ पोस्ट ऑफिसं होती, त्यापेक्षा जास्त कधीच झाली नाहीत. कारण १८९६ पासून घरपोच ग्रामीण टपाल सुरू झालं, पोस्टमन घोडागाडी घेऊन थेट शेतावर पत्र आणून द्यायला लागला, मग दुकानातल्या पोस्टाची गरज काय? भराभर बंद झाली. आज ३१ हजारांच्या आसपास आहेत.

पोस्ट बंद झालं की ती वस्ती टपालाच्या दृष्टीने शेजारच्या मोठ्या पोस्टात विलीन. वस्ती तिथेच, माणसं तीच, झाडं तीच, फक्त पाकिटावरचं नाव गेलं. ज्या गावाची नगरपालिका होती त्याचं नाव निदान बोर्डावर आणि नकाशावर तरी राहिलं. ज्याची नव्हती त्याचं नाव म्हातारी माणसं, एखादा रस्ता, एखादं चर्च आणि जनगणनेचा नकाशा एवढ्यावरच तगून राहिलं.

मग आला झिप कोड, म्हणजे इथला पिन कोड, १ जुलै १९६३ ला. त्याआधी १९४३ पासून मोठ्या शहरांना एक-दोन आकडी झोन नंबर होते, त्याचंच हे पुढचं रूप. पाच आकडे, पहिला आकडा देशाचा भाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचं मोठं केंद्र, शेवटचे दोन पोस्ट किंवा डिलिव्हरीचा भाग. त्याच वर्षी राज्यांची दोन अक्षरी नावं आली, आणि ती का आली माहितीय? पत्ते छापायच्या यंत्रांवर शेवटच्या ओळीत २३ अक्षरांची जागा होती, त्यात गाव, राज्य आणि झिप बसवायचं होतं. मला ही माहिती वाचून एकदम लख्ख झालं. तेवीस अक्षरांच्या ओळीत एकच नाव मावणार. पोस्टाचं नाव की वस्तीचं नाव, एक निवडा. पोस्टाने पोस्टाचं निवडलं, त्यात त्यांची चूक काय?

आज मशीन नाव वाचतं की नाही हाच प्रश्न आहे, खरं काम झिप आणि त्याच्या पुढचे चार आकडे करतात, जे १९८३ ला आले. पाकिटावर बारकोड बसतो आणि पत्र कुठल्या घराच्या पेटीत पडणार इथपर्यंत ठरून जातं. तरी नाव लिहावं लागतंच. आणि कुठलं नाव चालेल याची पोस्टाकडे यादी असते, प्रत्येक झिपला एक मुख्य नाव, त्याच्याखाली अजून काही चालणारी नावं आणि मग न चालणारी नावं. पोस्टाच्या साइटवर जाऊन कुणीही बघू शकतं, मी तर आता पाहुणे आले की त्यांच्या झिपची यादी काढून दाखवते, नवरा म्हणतो आता बास कर.

आमच्या यादीतली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे टायसन्स. आमच्या पूर्वेला हे टायसन्स आहे, मोठमोठ्या बिल्डिंगा, दोन मॉल, २०१४ पासून मेट्रोची चार स्टेशनं. २०२० च्या जनगणनेत तिथे २६ हजारांच्या वर लोक. हे पण अनइन्कॉर्पोरेटेड! एवढं मोठं डाउनटाउनसारखं गाव, पण महापौर नाही. आणि टपालाच्या दृष्टीने वर्षानुवर्षं टायसन्स अस्तित्वातच नव्हतं, अर्धं मॅक्लीन, अर्धं व्हिएन्ना. मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं काचेच्या टॉवरमध्ये आणि लेटरहेडवर शेजारच्या झोपाळू गावाचं नाव. शेवटी २०११ साली पोस्टाने २२१०२ आणि २२१८२ या दोन झिपसाठी टायसन्स कॉर्नर हे नाव चालेल म्हणून मान्य केलं. पुढे कॉर्नर पण गळलं, नुसतं टायसन्स झालं.

आता यातला विनोद. टायसन्स हे नाव पडलं विल्यम टायसन नावाच्या माणसावरून, आणि हा टायसन कोण होता? पोस्टमास्तर! या चौकातल्या पीच ग्रोव्ह नावाच्या पोस्टाचा, १८५४ ते १८६६. त्याचं पोस्ट बंद पडलं, पीच ग्रोव्ह हे नाव मेलं, चौकाला टायसनचं नाव राहिलं आणि पोस्टाला आपल्याच मास्तरचं नाव यादीत घ्यायला २०११ उजाडलं. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले, म्हणाले पोस्ट खातं सगळीकडे सारखंच.

२२१८२ म्हणजे माझा पण झिप. म्हणजे मी टायसन्समध्ये राहत नसूनही टायसन्स लिहू शकते, आणि वुल्फ ट्रॅपमध्ये राहून घरी येणाऱ्या प्रत्येक बिलावर व्हिएन्ना. मी म्हटलं बघूया तर, आणि तिथेच माती खाल्ली. बँकेत पत्ता बदलून टायसन्स केला. विजेच्या बिलावर व्हिएन्नाच होतं. एका शॉपिंग साइटवर टायसन्स टाइप केलं की ती सेव्ह करताना गुपचूप व्हिएन्ना करायची, कारण त्यांचं सॉफ्टवेअर मुख्य नावच उचलतं. ड्रायव्हिंग लायसन्स रिअल आयडीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या नियमात बसणारं, करून घ्यायचं होतं, त्याला पत्त्याचे दोन पुरावे लागतात, एकावर एक गाव, दुसऱ्यावर दुसरं. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मला उगाचच खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं. झिप एकच आहे बघा म्हटल्यावर सोडलं त्याने.

आणि भारतीय कागदपत्रांचा एक अर्ज होता, कुठला ते सांगत नाही, तो तर परतच आला. कारण काय, तर अर्जातला पत्ता पुराव्यातल्या पत्त्याशी अक्षर न अक्षर जुळत नाही. तीन आठवडे गेले. रात्री झोपेतून उठून मला वाटायला लागलं की ग्रीन कार्डवाल्यांनी घर बदललं की दहा दिवसांत सरकारला कळवायचं असतं, मग घर तेच ठेवून नुसतं गाव बदललं तर कळवायचं का? नवरा म्हणाला, झोप. सकाळी उठून मी सगळीकडे परत व्हिएन्ना करून टाकलं. म्हणून कुणी हौस म्हणून करणार असाल तर माझं ऐका, आधी सगळ्या बिलांवर काय आहे ते बघा, आणि इमिग्रेशनचं काही अर्धवट चालू असेल तर हातच लावू नका.

तरीपण मागच्या वर्षी आमच्या भागात चर्चा निघालीच, पत्त्यात वुल्फ ट्रॅप हे मुख्य नाव पाहिजे म्हणून पोस्टाकडे जावं का. एका घरी वीसेक माणसं जमली होती, चिप्स आणि साल्सा, आपल्याकडच्या सोसायटी मीटिंगसारखीच गंमत. एक आजोबा, ऐंशीच्या दशकापासून इथेच, ते म्हणाले नाव पाहिजे, आम्ही कोण आहोत ते कळलं पाहिजे. रिअल इस्टेटमधल्या एक बाई म्हणाल्या व्हिएन्ना नावाला भाव आहे, हात लावू नका. एका तरुण माणसाला टायसन्सच पाहिजे होतं, मेट्रो आहे, वाटतं कसं शहरात राहिल्यासारखं. आणि एकाला भीती होती की नाव बदललं की गाडीचा इन्शुरन्स वाढणार. त्यात गोंधळ आहे, इन्शुरन्स कंपन्या झिपवर बघतात, नावावर नाही, झिप तोच राहिला तर काही होत नाही. पण लोकांना झिप आणि नाव एकच वाटतं, तिथेच सगळी भांडणं सुरू होतात.

मी आपली आधीच सगळं वाचून गेले होते त्यामुळे अर्धा तास माझंच भाषण झालं. पद्धत अशी आहे की नगरपालिका असो की साधा रहिवाशांचा गट असो, पोस्टाच्या डिस्ट्रिक्ट मॅनेजरला लेखी मागणी करायची, कारणांसकट. आमची ओळख हरवतेय हे कारण देता येतं, पण पोस्ट बघतं आपलं काम, पत्रं वाटायला त्रास होईल का, खर्च वाढेल का, पोस्टमनचे रूट मोडतील का. ६० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही म्हणाले तर ४५ दिवसांत मुख्यालयाकडे अपील. बदल करायचं ठरायला लागलं की ज्यांचा पत्ता बदलणार त्या सगळ्यांना पोस्ट विचारतं, आणि जे उत्तर देतात त्यांच्यातलं साधं बहुमत धरतात. म्हणजे ज्यांनी पाकीट न उघडता कचऱ्यात टाकलं त्यांचं मत गेलं. आणि खरं सांगायचं तर झिपची हद्द हलवणं पोस्टाला नको असतं, कारण त्यात सॉर्टिंग, रूट, सगळं हलतं. त्यापेक्षा नाव हवंय ना, घ्या, झिप तोच ठेवा आणि यादीत अजून एक नाव टाकू, ही त्यांची नेहमीची तडजोड. टायसन्सला तेच मिळालं.

मीटिंगचं पुढे काय झालं? पुढची मीटिंग ठरली. ती अजून व्हायचीय.

जिथे मराठी मंडळी भरपूर आहेत अशा कितीतरी ठिकाणी हाच खेळ झालाय. अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक आहे, तिथे १ डिसेंबर २००६ ला नवीन नगरपालिका झाली, त्याआधी तिथल्या लोकांच्या पत्त्यात अल्फारेटा, डुलुथ, सुवानी असं शेजारच्यांचं काहीतरी. माझी चुलत नणंद तिथे आहे, ती अजूनही सवयीने जुनंच लिहिते. कोलोरॅडोत सेंटेनिअल नावाचं शहर २००१ साली झालं, एक लाखाच्या वर लोक एका दिवसात एका शहरात आले आणि त्यांच्या पत्त्यांत तोपर्यंत एंगलवुड, लिटलटन, ऑरोरा. कॅलिफोर्नियात माउंटन हाऊस, बे एरियातून घरांच्या किमतींना कंटाळून गेलेले आपले किती लोक तिथे आहेत, पत्त्यात ट्रेसी लिहायचे. त्यांनी मार्च २०२४ मध्ये मतदान करून १ जुलै २०२४ ला शहर करून घेतलं. पण लक्षात घ्या, शहर झालं म्हणून पोस्टाचं नाव आपोआप बदलत नाही. राज्याने शहर मान्य करणं वेगळं आणि टपालाने नाव मान्य करणं वेगळं, दोन्हीकडे वेगवेगळं जावं लागतं. उलटंही आहे, आमच्याच काउंटीत रेस्टन, रॉबर्ट ई. सायमन या माणसाने आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून १९६० च्या दशकात वसवलेलं, साठ हजारांची वस्ती, नगरपालिका आजतागायत नाही आणि पोस्टात नाव मात्र स्वतःचं. पोस्ट मिळालं की नाव मिळालं, तेच ते.

आता अप्पांच्या प्रश्नाकडे येते. मग तुमचं पोस्ट कुठलं?

आमच्या गावाला पोस्ट नव्हतं. पोस्ट होतं अडीच-तीन किलोमीटरवरच्या गावात, जिथे अप्पा बसायचे, एका खोलीत, एक टेबल, शिक्का, शाईची गादी आणि थैली. लहानपणी पत्ता लिहायला शिकवताना आजोबांनी शिकवलं, आधी मुक्काम, मग पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. ज्यांच्या गावातच पोस्ट ते जोडून मुक्काम पोस्ट लिहितात, मु.पो. आमचं वेगळं, मु. आमचं गाव, पो. शेजारचं गाव. मला तेव्हा वाटायचं हे दोन दोन गावं लिहायचं लचांड कशाला. अप्पा सांगायचे, वरून येणारी थैली पोस्टाच्या नावावर येते, तिथपर्यंत मुक्कामाचं कुणाला काही पडलेलं नसतं. थैली इथे फुटली की मग मुक्काम बघायचा, म्हणजे कुठल्या वाडीचा गठ्ठा ते कळतं. नावं सारखी असतील तर बुद्रुक आणि खुर्द आहेतच.

म्हणजे अमेरिकेने ज्यावर ६० दिवस, ४५ दिवस, अपील आणि सर्व्हे उभे केलेत ते आपल्या पत्त्यात दोन अक्षरांत सुटलेलं आहे. मु. म्हणजे तू राहतोस कुठे, पो. म्हणजे तुझं पत्र येतं कुठे. पोस्टाला त्याचं नाव मिळालं, गावाला गावाचं, कुणी कुणाला गिळलं नाही. आमच्या गावाला आजतागायत पोस्ट नाही पण आमच्या गावाचं नाव पाकिटावरून कधी गेलं नाही.

आपल्याकडे पिन कोड आणला तोसुद्धा मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, केंद्रात दळणवळण खात्यात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे मोठे पंडित, कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एकाच नावाची ढीगभर गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, त्यावर सहा आकडे हा उतारा. पण त्याने मु. आणि पो. काही हटले नाहीत, आकडे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आता मात्र ऑनलाइन फॉर्म आले आणि तिथे पण सिटी म्हणून एकच चौकट, गावाकडचे लोक त्यात तालुक्याचं नाव टाकून मोकळे होतात. शिवाय २०२५ पासून पोस्टाचा डिजिपिन आलाय, दहा अक्षरी, चार बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. त्यात नावच नाही. अप्पांना सांगितलं तर म्हणाले चांगलं आहे, पण त्याला हाक कशी मारायची.

या दिवाळीला मी मुद्दाम अप्पांना हाताने लिहून ग्रीटिंग पाठवलं, रीतसर स्टॅम्प लावून. मागच्या बाजूला पोस्टासाठी इंग्रजीत नेहमीचा पत्ता, व्हिएन्ना वगैरे. आणि आत कागदावर वरती उजव्या कोपऱ्यात, शाळेत पत्रलेखनात लिहायचो तसं मराठीत लिहिलं. मु. वुल्फ ट्रॅप, पो. व्हिएन्ना, जि. फेअरफॅक्स, राज्य व्हर्जिनिया.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. अक्षर चांगलं आलंय म्हणाले, शिक्का नीट उमटलेला नाही म्हणाले, तिकडची माणसं पण घाईतच दिसतात. मग थोडं थांबून म्हणाले, "पण पोरी, तालुका लिहिला नाहीस."

मी म्हणणार होते की इथे तालुका नसतो. मग आठवलं, काउंटीचे नऊ भाग पाडलेले आहेत, प्रत्येकाचा एक सुपरवायझर निवडून येतो आणि दहावा अध्यक्ष सगळ्या काउंटीतून. मतदानाच्या कार्डावर आमच्या भागाचं नाव मी वाचलं होतं, शेजारणीकडे आलेलं, आम्हाला अजून मत कुठे आहे.

"हंटर मिल," मी म्हटलं. "तालुका हंटर मिल."

"थांब," अप्पा म्हणाले, "पेन घेतो."